भार्गवीची चादर आणि एक्सपी

मल्लेशम म्याकल यांनी लॅपटॉप आणला तो नव्या टॉवेलात गुंडाळून, दोन्ही हातांवर आडवा धरून. दार उघडल्यावर मला आधी वाटलं, कुणाचं तरी बाळ दाखवायला आणलंय.

"मॅडम, हे उठंना झालंय," ते म्हणाले.

आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. पलीकडे मल्लेशम, त्यांच्या पत्नी अंबूबाई, मुलगी भार्गवी आणि मागच्या शेडमध्ये यंत्रमाग. अलीकडे मी. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आणि ते शिकवणाऱ्या बाईला मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं अशी आमच्या गल्लीची ठाम समजूत आहे. ती खोडून काढायचा मी एकदा प्रयत्न केला होता. पण मध्येच दोन मिक्सर खरोखर दुरुस्त झाल्यामुळे तो फसला.

मी लॅपटॉप टेबलावर ठेवून सुरू केला. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली: अमुक फाइल सापडत नाही. त्यापुढे काही नाही.

"लाइट गेली होती का?"

"गेली, आली, परत गेली. ह्याची बॅटरी तर कधीच मेलीय. वायरवरच चालतंय."

"दुकानात दाखवलंत?"

"दाखवलं की. तो म्हणला, फॉरमॅट मारू, अर्ध्या तासात देतो. मी म्हणलं थांब बाबा जरा, मॅडमना विचारून येतो."

"बरं केलंत. तुमचं काम कुठं साठवलेलं आहे?"

"डेस्कटॉपवर."

"सगळं?"

"सगळंच की. समोर दिसतंय ना मग."

डेस्कटॉपवरचं सगळं दुकानदाराच्या त्या अर्ध्या तासात पुसलं गेलं असतं, हे त्यांना आत्ताच सांगण्यात अर्थ नव्हता. पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना अंदाज आला असावा. त्यांनी मागे वळून दार लोटून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, ह्यात भार्गवीची चादर हाय."

म्याकलांच्या घरात अशी रीत आहे की मुलगी सासरी निघताना बापाच्या मागावरची चादर तिच्याबरोबर द्यायची. ऑर्डरीतली उरलेली चालत नाही. तिच्या नावानं विणलेलीच लागते. मल्लेशमच्या वडिलांनी आपल्या मुलींना मोर आणि कमळं विणून दिली होती. मल्लेशमनी वेगळं ठरवलं. अंबूबाई रोज पहाटे दारात मुग्गु काढतात. तेलुगू घरांतली रांगोळी ती. आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती वळणं घेत जाणारी एकच रेघ. भार्गवी लहानपणापासून ती ओलांडून शाळेला गेली. त्यातलंच एक मुग्गु मल्लेशमनी लॅपटॉपवर चौकटी-चौकटीनं भरून चादरीचं डिझाइन केलं होतं. असं डिझाइन पेनड्राइव्हमधून जकार्डला दिलं की मागावरच्या त्या यंत्राला कोणता धागा उचलायचा ते कळतं. माग कालच्या ऑर्डरीनंतर मोकळा झाला होता. लग्न पुढच्या रविवारी होतं.

"आणि घरात कुणाला ठाव नाही," ते म्हणाले. "भार्गवीला नाही, तिच्या आईला तर अजिबात नाही. तिला वाटतंय मी बिलं करत बसतोय."

"नवा लॅपटॉप घेऊन त्यात डिझाइन उघडलं तर?"

त्यांनी मान हलवली. डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं होतं. त्याच्याबरोबर यायची ती निळी किल्ली, म्हणजे पेनड्राइव्हसारखी एक वस्तू, फक्त विंडोज एक्सपीवर चालायची. सॉफ्टवेअर विकणाऱ्यानं धंदा बंद करून बरीच वर्षं झाली होती. थोडक्यात, ह्याच लॅपटॉपवर एक्सपी पुन्हा बसवली तरच भार्गवीला चादर मिळणार होती. नाहीतर तिला बाजारातली.

"बाजारातली," मल्लेशम म्हणाले, "म्याकलाच्या पोरीला!"

पहिलं काम फाइली वाचवायचं. माझ्याकडे पेनड्राइव्हवरूनच चालणारी एक छोटी संगणक प्रणाली आहे. तिला लॅपटॉपच्या आतल्या विंडोजची गरज लागत नाही. तिच्यावर लॅपटॉप हळूहळू सुरू झाला आणि आतली डिस्क दिसली. डेस्कटॉपवर 'भार्गवी फायनल', 'भार्गवी फायनल नवी' आणि 'भार्गवी फायनल हीच' अशा तीन फाइली होत्या.

"ह्यातली कोणती?"

"हीच," ते म्हणाले.

तिन्ही उतरवून घेतल्या. मल्लेशमनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. पण डिझाइन असून उपयोग नव्हता, ते जिथं उघडायचं ते घरच पडलेलं होतं. मी एक्सपीच्या डिस्कबद्दल विचारलं.

"डिस्क हाय की! लॅपटॉप घेतला तेव्हा दिली होती. पाकिटात. अंबूनं जपून ठेवलीय."

आम्ही त्यांच्या घरी गेलो. अंबूबाई भाजी निवडत होत्या. मल्लेशमनी लॅपटॉपच्या चकतीची चौकशी केल्यावर त्यांनी शांतपणे वर बोट दाखवलं.

गच्चीवर लग्नाच्या शेवया वाळत होत्या. त्यावर आडवी दोरी, दोरीला एक चकती, आणि ती वाऱ्यावर गरगर फिरत भिंतीवर उजेडाचे तुकडे फेकत होती. कठड्यावर एकही कावळा नव्हता.

"अय्यो, जपूनच ठेवलीय की," मागून वर आलेल्या अंबूबाई म्हणाल्या. "दोन उन्हाळे झाले, कावळा फिरकत नाही. मागं तर ह्यांना विचारलं होतं मी, चकती लागते का म्हणून. 'न्हाई' म्हणाले."

"मी बघून म्हणलो होतो का?" मल्लेशम म्हणाले.

"तुम्ही कधी बघून बोलता?"

मी चकती हातात घेतली. वरचा चंदेरी थर उन्हानं पापुद्र्यासारखा सुटला होता. माहिती त्या थरातच असते, उरलेलं नुसतं प्लास्टिक. मी ती परत दोरीला बांधली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी सिद्धलिंगकडे गेले. तो आमच्या संगणक प्रयोगशाळेचा प्रमुख. जुनी कोणतीही वस्तू टाकून द्यायची त्याला हिंमत होत नाही, आणि त्याबद्दल सगळे त्याला हसतात. गरज लागली की त्याच्याकडेच येतात.

"एक्सपी?" तो म्हणाला. "मॅडम, हे म्हणजे आजोबांना पुन्हा शाळेत घालणं झालं."

"आजोबांना एकच धडा वाचायचा आहे."

त्यानं कपाटातून एक डिस्क काढली, आवृत्ती नीट तपासली. मूळ डिस्कच हवी असं काही नसतं. त्याच जातीची दुसरी चालते, कारण परवाना डिस्कमध्ये नसतो, नंबरात असतो. लॅपटॉपचा डिस्क वाचायचा कप्पा सुताच्या तंतूंनी कधीच गच्च झाला होता, म्हणून सिद्धलिंगनं सगळं पेनड्राइव्हवर घातलं आणि लॅपटॉप त्यावरून सुरू होईल अशी व्यवस्था करून दिली.

"पण नंबर त्या लॅपटॉपचाच लागेल हं. खाली स्टिकर असतो, पंचवीस अक्षरांचा. तो मधेच मागतो, आणि दिला नाही तर पुढं हलत नाही. भलतासलता नंबर मी देणार नाही."

"मी मागणारही नाही," मी म्हटलं.

लग्नाच्या आधीच्या रविवारी सकाळी म्याकलांच्या पुढच्या खोलीत काम सुरू केलं. भार्गवी मैत्रिणींबरोबर खरेदीला गेली होती, म्हणून मल्लेशमनीच ही वेळ धरली. जुनी विंडोज पुसली गेली, निळा पडदा आला, नव्या फाइली उतरू लागल्या. किती वेळ उरला ते कोपऱ्यात दिसत होतं. तो आकडा बराच वेळ हललाच नाही.

"हे आमच्या मिस्त्रीसारखं हाय," मल्लेशम म्हणाले. "कधीबी विचारा, 'आलोच, निघालोय.'"

मग पडदा थांबला आणि त्यानं नंबर मागितला. मी लॅपटॉप वायरीसकट अलगद आडवा केला आणि खाली पाहिलं.

स्टिकर होता. त्यावर हळद होती, हळदीवर कुंकू होतं, त्यावर पुन्हा हळद, पुन्हा कुंकू, आणि सगळ्यांत मुरलेलं तेल. कडेची विंडोजची आवृत्ती कशीबशी वाचता येत होती. नंबराच्या जागी एक जाड, तांबूस थर.

मल्लेशमनी हळूच स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "अंबू!"

अंबूबाई हात पुसत आल्या. त्यांनी पाहिलं आणि त्यांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

"खंडेनवमीचं आहे ते. दरवर्षी मागाला लावते, कात्रीला लावते, मोटारीला लावते. ह्यानं काय पाप केलं?"

"पण खाली कशाला?" मल्लेशम म्हणाले.

"वर लावलं की तुम्हीच ओरडता, सदऱ्याला लागलं म्हणून. आणि खाली ते चमकतंय बघा, चांदीसारखं. मला वाटलं, ह्याचा जीव इथंच असणार."

ह्या वाक्यात तांत्रिक चूक नव्हती.

"पुसून काढतो की," असं म्हणून मल्लेशम शेडकडे वळले. "थिनर हाय, एका मिनटात—"

"नको!" मी ओरडले. मी फारशी ओरडत नाही; दोघंही दचकले. "थिनरनं कुंकू जाईल, तशी शाईही जाईल. मग काहीच उरणार नाही."

मल्लेशम खाली बसले. त्यांनी स्टिकरकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या रिकाम्या चौकटींकडे. अंबूबाई समोर असल्यामुळे त्यांना चादरीचं नाव काढता येत नव्हतं. ते फक्त म्हणाले, "संपलं मग."

"बिलंच ना ती?" अंबूबाई म्हणाल्या. "कागदावर करा. एवढं तोंड पाडायला काय झालं?"

त्यावर त्यांनी बायकोकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. ते लपवायला मी मान वळवली, आणि मला त्यांचं देवघर दिसलं. भिंतीतला कोनाडा, आत देव, आणि वर एक छोटा लाल झिरोचा दिवा, दिवसाही जळणारा.

कुंकू लाल का दिसतं, तर पांढऱ्या उजेडातला लाल भाग ते परत पाठवतं आणि बाकीचा गिळतं. पण उजेडच निव्वळ लाल असेल तर? मग गिळायला काही उरत नाही. पांढरा कागद, हळद आणि कुंकू, तिन्ही जवळजवळ सारखीच दिसतील. काळी शाई मात्र काळीच राहील. हे मी दरवर्षी अकरावीला शिकवते. उदाहरण टोमॅटोचं देते.

"अंबूबाई, एखादी जाड चादर आणा. आणि खिडक्या लावून घ्या."

मऊ ब्रशनं मी आधी वरचे सुके खडे झटकले. खालचा थर तेलानं पातळ, अर्धपारदर्शक झालेला होता; ते तेल आता आमच्या बाजूचं होतं. मल्लेशमनी वायर ओढून आणली. अंबूबाईंनी नैवेद्याची वाटी बाजूला घेतली, देवांना नमस्कार केला आणि दारावर चादर धरून उभ्या राहिल्या. खोली काळोखी झाली. लॅपटॉप पुस्तकासारखा उभा धरून आम्ही देवघरात डोकी घातली.

कुंकू नव्हतं. म्हणजे होतं, पण दिसत नव्हतं. त्या जागी फिकट कागद होता आणि कागदावर बारीक, काळी, सरळ ओळीतली अक्षरं.

"अय्यो," मल्लेशम म्हणाले.

"काय झालं? मलाबी बघू द्या की!" चादरीच्या पलीकडून अंबूबाई.

"तू चादर सोडू नको!"

मी भिंगातून एकेक अक्षर वाचलं आणि उरलेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहून घेतलं. एका ठिकाणी 'बी' आहे की आठ, ते ठरेना. तेल तिथंच जास्त होतं. मी आठ लिहिला.

चादर खाली आली, उजेड झाला. मल्लेशमनी एका बोटानं नंबर टाकला. पडद्यावर उत्तर आलं: हा नंबर चुकीचा आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं, पाहिलं असतं तर मला पुढचं बोलायला जड गेलं असतं.

"आठाच्या जागी 'बी' टाका," मी म्हटलं.

त्यांनी टाकला. पडदा क्षणभर तसाच राहिला. मग चौकटी गेल्या, आणि मिस्त्री पुन्हा निघाला.

"घेतला!" मल्लेशमनी अंबूबाईंच्या हाताला धरून त्यांना जवळजवळ फिरवलंच. "घेतला त्यानं!"

"बिलांसाठी माणूस एवढा नाचतो होय?" अंबूबाई म्हणाल्या, पण हात सोडवून घ्यायची त्यांना घाई नव्हती.

त्यानंतरचं सगळं ओळीनं झालं. एक्सपीचं हिरवं माळरान उघडलं. डिझाइनचं सॉफ्टवेअर डिस्कच्या दुसऱ्या, न पुसलेल्या भागात शाबूत होतं, ते बसवलं. निळी किल्ली लावली. ती ओळखली गेल्याचा टुण्ण असा आवाज आला. अंबूबाई चहा ठेवायला आत गेल्या. मल्लेशमनी 'भार्गवी फायनल हीच' वर दोनदा टिचकी मारली.

पडदाभर मुग्गु उमटलं. निळ्या जमिनीवर पांढरी रेघ, कोपऱ्यात सुरू होऊन ठिपक्यांना वळसे घालत, स्वतःला ओलांडत पुन्हा सुरुवातीला येणारी. मी ते शेकडो वेळा त्यांच्या दारात पाहिलं असेन. कापडासाठी मांडलेलं पाहिल्यावर ते मला नव्यानं दिसलं.

मागे कप बशीवर वाजले. अंबूबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. मल्लेशमनी पटकन लॅपटॉप मिटायला हात नेला, पण उशीर झाला होता.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

मल्लेशमनी हात मागे घेतला.

"हे मी संक्रांतीला काढलं होतं. तुम्ही कधी पाहिलंत?"

"पहाटे. तू पाण्याला आत गेलीस की फोटो काढत होतो."

"म्हणून दूध आणायला इतक्या लवकर जात होता रोज?"

"भार्गवीच्या चादरीसाठी," मल्लेशम म्हणाले. "बिलं नाहीत ती."

अंबूबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि पदरानं आधी तोंड, मग विनाकारण कपांच्या कडा पुसल्या. त्यानंतर पडद्याजवळ येऊन नाक टेकेल इतक्या जवळून पाहू लागल्या. एक बोट रेघेवरून फिरू लागलं आणि उजव्या कोपऱ्याशी थांबलं.

"हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"हा ठिपका. ह्याच्याभोवती रेघ आलीच नाही. एकटाच राहिलाय बाहेर."

मल्लेशमनी पाहिलं, मीही पाहिलं. खरंच होतं. सगळ्या ठिपक्यांना रेघेनं कवेत घेतलं होतं, आणि एक कोपऱ्यात उभा होता, लग्नात कुणी ओळख करून न दिलेल्या पाहुण्यासारखा.

"तिथून स्कूटर गेली होती त्या दिवशी," मल्लेशम म्हणाले. "फोटोत पुसटच होतं. मी अंदाजानं भरलं. एवढं कोण बघतंय?"

"कोण बघतंय? पोरगी रोज अंगावर घेणार. संसाराच्या चादरीत एकटा ठिपका सोडतात होय, एमंडी?"

नवऱ्याला 'अहो' म्हणायची ती त्यांची पद्धत. पण त्या 'एमंडी'त त्या दिवशी बरंच काही होतं.

"दाखव मग, कसं पाहिजे," मल्लेशम म्हणाले आणि माउस त्यांच्याकडे सरकवला. अंबूबाईंनी तो धरला. बाण पडद्यावरून उंदरासारखा पळाला आणि कडेला जाऊन बसला. त्यांनी माउस परत केला, आतून रांगोळीचा डबा आणला, आणि लॅपटॉपसमोरच्या फरशीवर बसून तो कोपरा काढायला घेतला. चिमटीतून पांढरी धार सुटली. रेघ दुसरीकडूनच वळत आली, एकट्या ठिपक्याला आत घेऊन आल्या वाटेनं निघून गेली.

"दिसलं?"

"सावकाश. परत."

त्यांनी पुसून पुन्हा काढलं. मल्लेशम एकेक चौकट भरत गेले. "इथं?" "त्याच्या वर." "इथं?" "वर म्हणलं की वो, डोळे कुठं आहेत?" मी चहा प्यायले. तिघांचाही, कारण त्यांचा तसाच गार होत होता.

दुपारी शेडमधला माग सुरू झाला. भिंतीला भिंत असल्यामुळे मला तो रोजच ऐकू येतो; त्या दिवशी मी तिथंच उभी होते. निळ्या कापडातून पांढरी वळणं बोटबोटभर वर येत होती आणि मल्लेशम दर थोड्या वेळानं वाकून हात फिरवत होते. अंबूबाई शेजारी उभ्या. कोपरा आला तेव्हा त्यांनी पुढं होऊन ठिपका तपासला, आणि मान डोलावली.

तेवढ्यात पुढच्या दारातून भार्गवीची हाक आली. "अम्मा! माग कसा चालू? लग्नाच्या आठवड्यात कुणाची ऑर्डर घेतली अप्पांनी?"

मल्लेशम कापड झाकायला वळले. पण अंबूबाई एव्हाना शेडच्या दारात पोचल्या होत्या, दोन्ही हात चौकटीला लावून.

"दुधनीच्या पार्टीची," त्या पापणीही न लववता म्हणाल्या. "लई घाईची आहे. तू आत येऊ नको, तूस उडतंय, नव्या ड्रेसला लागेल. आणि तिथं पुढं फरशीवर पाय देऊ नको गं, रांगोळी सांडलीय!"